कुटाची चिमूट

कोल्हापूरकडच्या माणसाला आमच्या गावाचं नाव सांगितलं की तो हमखास विचारतो, ‘खर्डा? म्हणजे मिरचीचा?’ तिकडे खर्डा म्हणजे हिरवी मिरची, लसूण आणि दाणे परतून भरडलेलं तोंडी लावणं. आमचा खर्डा ओळखला जातो तो १७९५ च्या लढाईमुळे आणि निंबाळकरांच्या भुईकोटामुळे. पण दाण्यावाचून आमच्याही स्वयंपाकाचं पान हलत नाही. भाजीत कूट, आमटीत कूट, उपवासाला तर विचारूच नका.

गेल्या महिन्यात नातीचं उष्टावण झालं. मुलगी म्हणून सातव्या महिन्यात, मामाच्या हातून, चांदीच्या वाटीतली खीर. मामा जेवून गेला. दुसऱ्या दिवशी पेजेत चिमूटभर कूट घालावं म्हणून मी डबा उघडला, तर सूनबाईने माझा हातच धरला. ‘आई, दाणे नकोत. तीन वर्षांपर्यंत द्यायचे नसतात, अ‍ॅलर्जी होते.’

मी फणकारले. तीन पोरं वाढवली मी या डब्यावर!

तिचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं म्हणा. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेच २००० साली तसा सल्ला दिला होता, घरात अ‍ॅलर्जी चालत आलेल्या मुलांसाठी. २००८ मध्ये तो मागेही घेतला. पण मागे घेतलेला सल्ला फोनवर फिरायचा थांबत नाही.

त्याच २००८ मध्ये लंडनच्या गिडियन लॅक या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक तुलना मांडली. लंडनची ज्यू मुलं आणि इस्रायलची ज्यू मुलं. वंश एकच, तरी लंडनच्या मुलांत दाण्याची अ‍ॅलर्जी दहापट. इस्रायलची बाळं दात येण्याच्या वयातच बांबा नावाचे दाण्याचे पोंगे चघळतात. तिकडे लंडनच्या आया मात्र त्या वयात बाळाला दाणे जवळजवळ देतच नव्हत्या. मग लॅक यांनी ६४० बाळं घेतली, चार ते अकरा महिन्यांची, सगळी तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली. निम्म्यांना दाणे दिले, निम्म्यांचे टाळले. २०१५ मध्ये निकाल आला. पाचव्या वर्षी टाळणाऱ्यांत शंभरातल्या सतरा मुलांना अ‍ॅलर्जी, खाणाऱ्यांत तिघांना.

हे वाचून मी सूनबाईपुढे मिरवले. पण मेख पुढेच होती. नातीच्या दोन्ही गालांवर इसब आहे, हिवाळ्यात तर चिरा पडतात. तिच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, इसब जोरात असेल तर आधी तपासणी, मगच दाणा. आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला लागली. दाणा पोटातून गेला की शरीर त्याला आपला मानायला शिकतं. चिरलेल्या कातडीतून आधी शिरला तर वैरी समजायची शक्यता असते. मी रोज खलबत्त्यात कूट करते, हात पदराला पुसते आणि त्याच हाताने तिचा गालगुच्चा घेते.

म्हणजे दाणा नातीपर्यंत कधीच पोचला होता, फक्त चुकीच्या दाराने.

‘आम्ही नाही का दिलं?’ हे आम्हा आज्यांचं हुकमी उत्तर. जन्मल्या दिवशी मधाचं बोट चाटवणाऱ्याही आम्हीच, आणि मध तर वर्षाच्या आत देऊच नये, त्यातून बाळाला विषबाधेचा धोका असतो. आमच्या जवळच्या जामखेडला १९७० मध्ये काम सुरू केलेल्या रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने गावच्याच बायकांना आरोग्यसेविका केलं, ते उगाच नाही. डॉक्टरने सांगितलेलं सासूला पटायचं नाही, शेजारणीने सांगितलेलं पटायचं.

माझ्या खात्यावर तर याहून मोठी चूक आहे. थोरला दोन वर्षांचा असताना मीच त्याच्या मुठीत गूळ-दाणे दिले. पळता पळता ठसका लागला आणि थांबला. मग तीन आठवडे खोकला. सर्दी म्हणून बाटल्या झाल्या, दमा म्हणून झाल्या. शेवटी दुर्बीण घालून फुप्फुसाच्या नळीतून अर्धा दाणा काढला. आत दाणा फुगतो, त्याचं तेल नळीला सूज आणतं. पाच वर्षांखालच्या पोराच्या हातात अख्खा दाणा द्यायचा नाही, हे मी तेव्हा शिकले. तोच थोरला आज या नातीचा बाप आहे.

तपासणी झाली, डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला. मी दाणे निवडायला बसले. सुरकुतलेले, काळपट, बुरशीचा वास येणारे बाजूला. उरलेले भाजले, सोलले, मिक्सरमध्ये तेल सुटेपर्यंत फिरवले. शहरात त्यालाच पीनट बटर म्हणतात आणि बरणीचे पैसे घेतात. त्यातही साखर-मीठ घातलेलं बाळाला नको. नुसतं चमच्याने दिलं तर टाळूला चिकटतं, म्हणून कोमट पाण्यात पातळ केलं.

दिवस मुद्दाम असा निवडला की नातीला सर्दी-ताप नाही, वेळ सकाळची, आणि त्या दिवशी दुसरा कुठलाही नवा पदार्थ नाही. पूर्ण शिजवलेल्या अंड्याची पाळी नंतर. ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, ओकाऱ्या झाल्या किंवा श्वास घरघरला तर थेट दवाखाना गाठायचा, म्हणून मुलगा गाडीची किल्ली खिशात घालून बसला. पचलं तर पुढे आठवड्यातून दोन-तीनदा द्यायचं, एकदा देऊन सोडून द्यायचं नाही.

चमच्याच्या टोकावर नखाएवढं. नातीने जीभ बाहेर काढली, तोंड वाकडं केलं, अर्धं माझ्या पदरावर काढलं आणि पुन्हा आ केला. सूनबाई घड्याळाकडे बघत होती, मी ओठांकडे. दहा मिनिटांनी उरलेलं दिलं. मग दोन तास आम्ही दोघी तिच्यासमोर मांडी घालून बसलो, आणि तेवढ्यात गॅसवरचं दूध उतू गेलं.