विश्लेषण : मायदेशी परतताना हातात बेड्या का? हद्दपारीच्या विमानांचे नियम काय सांगतात?

अमेरिकेच्या हवाई दलाचे ‘सी-१७’ हे लष्करी मालवाहू विमान ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमृतसरला उतरले. त्यात १०४ भारतीय होते. बहुतेक जण हरियाणा, गुजरात आणि पंजाबचे. मात्र महाराष्ट्रातीलही काही जण होते आणि त्यात एक नागपूरचा रहिवासी होता. हातापायांत बेड्या घालून आणल्याचे परतलेल्यांनी सांगितल्यावर संसदेत गदारोळ झाला. १५ आणि १६ फेब्रुवारीला आणखी दोन लष्करी विमाने आली. माणसांना असे आणणे कोणत्या नियमात बसते?

हद्दपारी ही शिक्षा आहे का?

नाही. वैध कागदपत्रांविना देशात राहणाऱ्याला परत पाठवणे ही अमेरिकी कायद्यानुसार दिवाणी स्वरूपाची कारवाई आहे. बेकायदा सीमा ओलांडणे हा तिथे वेगळा गुन्हा असून त्यासाठी वेगळा खटला चालवावा लागतो. त्यामुळे अशा विमानातला प्रत्येक जण गुन्हेगार नसतो. आपल्या नागरिकाला परत घेणे हे भारताचेही कर्तव्य आहे. वाद परत पाठवण्याचा नाही, कसे पाठवले याचा आहे.

विमान कोणाचे, खर्च कोणाचा?

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीचे नियम इथे दोन प्रकार करतात. विमानतळावरच प्रवेश नाकारलेल्या प्रवाशाला परत नेण्याची जबाबदारी त्याला आणणाऱ्या विमान कंपनीची असते. देशात शिरल्यानंतर हद्दपार केलेल्याचा खर्च मात्र पाठवणारे सरकार करते. अशी व्यक्ती साध्या प्रवासी विमानात असेल, तर कंपनीला आणि वैमानिकाला आधी कळवावे लागते. मोठ्या संख्येने पाठवायचे असल्यास अमेरिका एरवी भाड्याची विमाने वापरते. ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतीयांना अशाच विमानाने परत पाठवले होते. लष्करी विमान त्याहून कितीतरी महाग पडते. तरीही ते वापरले गेले, कारण त्यातून कडकपणाचा संदेश जातो.

बेड्यांबाबत सरकारने काय सांगितले?

परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी ६ फेब्रुवारीला राज्यसभेत निवेदन केले. विमानात बेड्या वापरण्याची अमेरिकी कार्यपद्धती २०१२ पासून लागू आहे, महिला व मुलांना त्या घातल्या जात नाहीत आणि जेवण व स्वच्छतागृहाच्या वेळी गरजेनुसार त्या काढता येतात, असे त्यांनी सांगितले. २००९ पासून दरवर्षी भारतीय परत येत आहेत. २०१९ मध्ये ही संख्या २,०४२ होती, तर २०२४ मध्ये १,३६८. म्हणजे प्रथा जुनी आहे. पण जुनी प्रथा योग्यच असते असे नाही. नंतर भारताने महिलांना बेड्या घालण्याबाबत अमेरिकेकडे चिंता नोंदवली आणि पुढच्या विमानांत महिला व मुलांना बेड्या नव्हत्या, असे अमेरिकेने कळवल्याचे परराष्ट्र मंत्रालयाने सांगितले. याचा अर्थ, बोलले तर फरक पडतो.

भारतात कैद्यांसाठी नियम काय?

सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये प्रेमशंकर शुक्ला खटल्यात स्पष्ट केले, की सरसकट बेड्या घालणे अमानुष आणि घटनाबाह्य आहे. कैदी पळून जाण्याचा ठोस धोका असेल आणि दुसरा उपाय नसेल तरच बेड्या घालाव्यात आणि त्याची कारणे लेखी नोंदवावीत, असा तो दंडक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने पोलिसांना थोडी मोकळीक दिली, तरी ती सराईत गुन्हेगार, कोठडीतून पळालेले आणि दहशतवाद, खून, बलात्कार यांसारख्या गंभीर गुन्ह्यांतील आरोपींपुरती आहे. म्हणजे नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहातून न्यायालयात नेल्या जाणाऱ्या साध्या कच्च्या कैद्याला जे संरक्षण आहे, ते खटलाच न चाललेल्या त्याच शहरातल्या माणसाला त्या विमानात नव्हते.

मग मागणी काय असावी?

विमान हवेत असताना सुरक्षा महत्त्वाची असते आणि सोबतचे रक्षक मोजके असतात, हे खरे. त्यामुळे बेड्यांवर पूर्ण बंदीची मागणी व्यवहार्य नाही. पण धोका माणसागणिक तपासता येतो. युरोपीय संघाच्या २००८ च्या नियमांनुसार बळाचा वापर प्रमाणात असावा लागतो आणि सक्तीने परत पाठवण्यावर देखरेखीची व्यवस्था ठेवावी लागते. प्रत्येक विमानापूर्वी व्यक्तिनिहाय तपासणी, बेड्यांची लेखी कारणे, वैद्यकीय सोय आणि निरीक्षक, एवढे चार मुद्दे भारताने अमेरिकेकडून लेखी घ्यायला हवेत. ओळख पटवून प्रवासाची कागदपत्रे भारतच देतो, त्यामुळे अट घालण्याची संधीही भारताकडेच आहे.

दुसरे काम घराजवळचे आहे. डिसेंबर २०२३ मध्ये निकाराग्वाकडे निघालेले, ३०३ प्रवाशांचे विमान फ्रान्समध्ये मानवी तस्करीच्या संशयावरून अडवले गेले आणि २७६ जण मुंबईत परतले. ‘डंकी’ मार्गाचे एजंट कोण, हे त्या वेळीच शोधायला हवे होते. परदेशी नोकरीचे आमिष दाखवणारा एजंट नोंदणीकृत आहे का, हे केंद्राच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर मोबाइलवरूनच तपासता येते. घर गहाण ठेवण्याआधी ही पाच मिनिटे द्यावीत. आणि जो फसला, तो परत येईल तेव्हा त्याला सन्मानाने आणण्याची जबाबदारी सरकारने घ्यावी.