न उगारलेला हात

मार्गासनीहून एक वाट राजगडाकडे वळते, दुसरी वेल्ह्यामार्गे तोरण्याकडे जाते. या मुलखावरच्या कादंबऱ्यांत गोसाव्याच्या कुबडीत बहुधा गुप्ती निघतेच. अद्भुतकथांतील साहसी टोळीतला धिप्पाड, अहिंसक भिक्षूही शेवटच्या प्रकरणात हात उगारतो आणि वाचक सुखावतो. आम्हांस हा लेखकाचा पराभव वाटतो. दुबळ्याच्या अहिंसेवर नाइलाजाचा संशय घेता येतो. बलदंडाची अहिंसा ही निवडच असते. ती मोडली की उरतो आणखी एक योद्धा. विनोबांचा देह कृश. तरी १९६० साली ते चंबळच्या खोऱ्यात निःशस्त्र गेले आणि काही दरोडेखोरांनी त्यांच्यापुढे बंदुका ठेवल्या. दरोडेखोरी तेवढ्याने संपली नाही, हे खरे. परंतु कृश देहाला जे साधले, ते कल्पितातल्या महाकायाला का साधू नये?