संस्थांच्या साखळीतील चय आणि प्रकोप

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात तयार होणारे प्रत्येक वाहन अनेक लहानमोठ्या कारखान्यांच्या सहकार्यातून उभे राहते. अशा साखळीत एका दुव्याचा असंतोष तेथेच थांबत नाही. २०१३ साली चाकण येथील बजाज ऑटोच्या कारखान्यात ५० दिवसांचा संप झाला, तेव्हा त्याची चिंता सुटे भाग पुरविणाऱ्या लघुउद्योजकांपर्यंत पोहोचली होती.

पोर्तुगालमधील संशोधक फिलिपा फेराडा व लुईस कामारिन्या-मातोस यांनी परस्पर सहकार्याने काम करणाऱ्या संस्थांच्या ‘भावनां’चे संगणकीय प्रतिमान मांडले आहे. संस्थेला मनुष्यासारखे मन नसते. तथापि तिच्या वर्तनावरून उत्साह, समाधान वा वैफल्य यांचे अनुमान करता येते, आणि समूहाचीही एक भावस्थिती असते, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

वैद्यवर्गाला हा विचार परका वाटू नये. चरकाचार्यांनी वैद्य, द्रव्य, परिचारक आणि रुग्ण हे चिकित्सेचे चार पाद सांगितले. आज ‘द्रव्य’ या पादामागे वनस्पतींचा व्यापारी, औषधनिर्माता, वितरक आणि विक्रेता अशी मोठी साखळी उभी आहे. सुश्रुताचार्यांचे षट्‌क्रियाकाल या साखळीलाही लागू पडतात. उधारी लांबते, मागविलेला काढा वेळेवर येत नाही, दरवाढ आयत्या वेळी कळते. तरीही संबंध टिकावेत म्हणून कोणी बोलत नाही. हा चय होय. पुढे कुरबुरी वाढतात, तो प्रकोप. मग वैद्य मुकाट्याने दुसरीकडे वळतो, विक्रेता भलताच कल्प रुग्णाच्या हाती ठेवतो, आणि उपचार मध्येच खंडित होतो. इतरांच्या अबोल्याची किंमत रुग्ण मोजतो.

सूक्ष्म व लघु पुरवठादारांची देयके जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकती करण्याचे बंधन २००६ च्या कायद्याने घातले. परंतु कायद्याचे दार बहुधा प्रकोपानंतरच ठोठावले जाते. चयावस्थेतच दोष ओळखावयाचा, तर त्याची लक्षणे नियमितपणे नोंदली पाहिजेत.

म्हणून आम्ही असे सुचवितो की, वैद्य आणि औषधालयचालक यांनी दर तिमाहीस तीन नोंदी ठेवाव्यात : मागणीपासून पुरवठ्यापर्यंतचे दिवस, देयक चुकते होण्यास लागलेले दिवस आणि परत गेलेला माल. या नोंदी दोन्ही पक्षांसमोर खुल्या असाव्यात. एरवी बलवान घटकाच्या हाती असे मोजमाप म्हणजे दुर्बलावर ठेवलेली पाळतच ठरेल. नाडी पाहावयाची ती रोग जाणण्यासाठी, रुग्णास दोषी ठरविण्यासाठी नव्हे, एवढे भान राखूनच हे काम व्हावे, असे आमचे मत आहे.