घरकुल मंजूर, जागा नामंजूर

गरिबाला हक्काचे घर मिळाले पाहिजे, याविषयी आज कोणाचेही दुमत उरलेले नाही. शासनाने केवळ घोषणाच केल्या असे म्हणणेही अन्यायाचे होईल. इंदिरा आवास योजनेच्या जागी २०१६ साली प्रधानमंत्री आवास योजनेचा ग्रामीण भाग आला. त्यात सपाट प्रदेशातील २५ चौरस मीटरच्या पक्क्या घरासाठी १ लाख २० हजार रुपयांचे साह्य ठरले. नगरपरिषदेच्या हद्दीत स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्यास केंद्राचे दीड लाख व राज्याचा एक लाख मिळू लागले. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी राज्याची रमाई आवास योजना होतीच. २०२३ मध्ये इतर मागासवर्गीयांसाठी मोदी आवास योजनाही आली. ज्या कुटुंबांनी वर्षानुवर्षे गळक्या पत्र्याखाली पावसाळे काढले, त्यांच्या डोक्यावर या योजनांमुळे स्लॅब आला. त्याचा आम्हांस मनापासून आनंद आहे.

परंतु घर बांधायला आधी जमीन लागते, आणि नेमक्या याच ठिकाणी गरिबाची वाट अडते. अर्जासोबत आठ-अचा उतारा किंवा मालमत्ता पत्रक आणा, असे त्याला सांगितले जाते. तो उतारा त्याने कोठून आणावा? आपल्या राहाता परिसरात गोदावरीचे आणि प्रवरेचे पाट आले, ऊस आला, कारखाने आले. त्या उसात राबणाऱ्या भूमिहीन कुटुंबांनी गावठाणाच्या कडेला, ओढ्याच्या काठाला, रस्त्यालगत आसरा शोधला. त्यांत आपली ख्रिस्ती कुटुंबेही आहेत. तीन-तीन पिढ्या तेथे जन्मल्या आणि तेथूनच दफनभूमीत गेल्या. घरपट्टीची पावती त्यांना मिळते, विजेचे बिल मिळते, मतदार यादीत नाव मिळते. केवळ पायाखालची जमीन तेवढी त्यांची नाही! कर घेताना जो रहिवासी ठरतो, तोच घरकुल मागताना अतिक्रमणदार कसा ठरतो, याचे उत्तर कोणीतरी द्यायला हवे.

जागा विकत घ्यावी म्हटले, तर तिचे भाव पाहावेत. शिर्डीचा विमानतळ ऑक्टोबर २०१७ मध्ये सुरू झाला. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. प्रगती होऊ नये असे आम्ही म्हणत नाही. मात्र रस्ता आला की जमिनीचा भाव चढतो आणि मजुराची रोजी मागे राहते, हेही सत्य आहे. जागा खरेदीसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून प्रथम ५० हजारांपर्यंत आणि पुढे १ लाखापर्यंत साह्य देऊ केले गेले; पण हमरस्त्यालगतच्या गावांत तेवढ्या रकमेत ५०० चौरस फूट जागा कोण देणार?

येथे एक गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. भूमिहीनाला परत पाठवा, असे योजनेचा नियम सांगत नाही. भूमिहीन लाभार्थ्यास सरकारी वा सार्वजनिक जमिनीतून जागा मिळेल हे राज्याने पाहावे, असे प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले आहे. महाराष्ट्र शासनानेही २०१८ साली, १ जानेवारी २०११ पूर्वीपासून सरकारी जमिनीवर असलेली निवासी अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचा निर्णय घेतला. म्हणजे नियम म्हणतो ‘जागा द्या’, आणि खिडकीवरचा माणूस म्हणतो ‘जागा आणा’. निर्णय आणि खिडकी यांच्यामधल्या या अंतरातच गरिबाचे आयुष्य सरून जाते.

आपल्या समाजासमोर तर आणखी एक दार बंद आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता मर्यादित केला. पुढे १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध बांधवांना तो लाभला. ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले, म्हणून रमाई आवास योजना आपल्याला लागू होत नाही. मद्रासमधील एका ख्रिस्ती चर्मकाराला रस्त्याकडेची टपरी केवळ तो ख्रिस्ती असल्यामुळे नाकारली गेली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८५ साली निकाल त्याच्या विरुद्ध लागला. २००७ साली रंगनाथ मिश्रा आयोगाने ही धर्माची अट काढून टाकावी अशी शिफारस केली. ऑक्टोबर २०२२ मध्ये बालकृष्णन आयोग नेमला गेला. ‘तुम्ही ख्रिस्ती झालात, आता तुम्हांला कसली जात?’ असे विचारणाऱ्यांना आमचा उलट प्रश्न आहे. बाप्तिस्म्याच्या पाण्याने आमचा वाडा गावाच्या मध्यभागी आला काय? भाड्याची खोली मागायला गेलेल्या तरुणाचे आडनाव ऐकून घरमालकाने दार लोटून घेणे थांबले काय?

तथापि, केंद्राच्या निर्णयाची वाट पाहत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांचा समावेश महाराष्ट्रात इतर मागासवर्गाच्या यादीत आहे. त्या वर्गाच्या योजनांवर आपला हक्क आहे. तो दाखला किती घरांत आहे, हे प्रत्येकाने आज रात्री आपली पेटी उघडून पाहावे.

‘तुमचे मिशन आहे ना? त्यांनीच घरे द्यावीत,’ असेही काही जण म्हणतात, आणि खेदाची गोष्ट अशी की आपल्यातलेही कित्येक जण तेच म्हणतात. मिशनने शाळा काढल्या, दवाखाने चालवले, दुष्काळात धान्य वाटले. पण नागरिकाचा हक्क हा कोणा फादरांच्या शिफारशीचा विषय नव्हे. ज्या घराची सनद चिठ्ठीवर अवलंबून असते, ते घर परावलंबीच राहते. पोप महोदयांच्या न्याय व शांती आयोगाने १९८७ साली बेघरांविषयी जे निवेदन काढले, त्यात निवारा हा माणसाचा मूलभूत हक्क मानला आहे. हक्क मागून घ्यायचा असतो. त्यासाठी हात पसरायचे नसतात.

याच तालुक्यातील लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांनी अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या साह्याने लहान शेतकऱ्यांना एकत्र केले आणि १९५० साली सहकारी साखर कारखाना उभा केला. एकेकट्या शेतकऱ्याला जे अशक्य होते, ते सर्वांनी मिळून साधले. ज्या भूमीने देशाला सहकार शिकवला, तिला आपल्या भूमिहीनांसाठी काही गुंठे जागा सापडू नये काय?

म्हणून आमचे मागणे थोडके आहे. राहाता नगरपरिषदेने व तालुक्यातील ग्रामपंचायतींनी सरकारी जागेवरील निवासी घरांची मोजणी करून यादी जाहीर फलकावर लावावी. नियमात बसणाऱ्यांना पट्टे द्यावेत, आणि तेही पती-पत्नी दोघांच्या नावे. जी घरे नियमात बसत नाहीत त्यांना हात लावण्यापूर्वी पर्यायी जागा दाखवावी. नळ आणि गटार यांसाठी मालकीच्या कागदाची वाट पाहू नये. तहान आणि रोगराई उतारा पाहून येत नाहीत.

आणि आपल्या कुटुंबांनी काय करावे? २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरतात. तेथे आपण किती जण जातो? हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला आपण मैलोगणती पायी जातो. चावडीपर्यंतची पावले मात्र आपल्याला जड होतात. प्रत्येक धर्मग्रामातील शिकलेल्या तरुणांनी रविवारच्या मिस्सानंतर एक तास बसून शेजाऱ्यांचे अर्ज भरून द्यावेत, पोच घ्यावी आणि शेजारी कोणत्या धर्माचा आहे हे विचारू नये. बौद्ध, मातंग, भिल्ल, मुसलमान बांधवही त्याच ओढ्याकाठी राहतात.

जुन्या करारात पन्नासाव्या वर्षी प्रत्येकाने आपल्या वतनात परत जावे असा नियम होता, कारण जमीन परमेश्वराची आणि माणसे तिच्यावरील पाहुणे, अशी त्या लोकांची श्रद्धा होती. २०२५ चे पवित्र वर्ष आपण जागरणे व यात्रा करून साजरे केले. ज्यांना परतायला वतनच नाही, त्यांच्या नावाचा उतारा निघेपर्यंत त्या वर्षाचे काम अपुरे आहे, असे आम्ही समजतो.