जिम थॉर्पचे बूट आणि गस वेल्चची तक्रार

दोन पायांत दोन वेगळे बूट घातलेल्या खेळाडूचा तो जुना फोटो तुमच्याही फोनवर कधीतरी येऊन गेला असेल. खालचा मजकूर ठरलेला असतो. जिम थॉर्प, स्टॉकहोम ऑलिंपिक, १९१२. ऐनवेळी बूट चोरीला गेले, कचऱ्यातून दोन बेजोड बूट शोधले, ते घालून पठ्ठ्याने सुवर्णपदक जिंकलं. तात्पर्य: कारणं सांगू नका. आमच्या कंपनीच्या टाउनहॉलमध्ये हीच स्लाइड दाखवली होती. त्या तिमाहीत तीन माणसांचं काम दोघांत वाटलं होतं, हे मात्र कुठल्याच स्लाइडवर नव्हतं.

थॉर्पबद्दल माझी काही तक्रार नाही. माझी तक्रार आहे ती गोष्ट कुठे थांबवली जाते याबद्दल. स्टॉकहोमहून पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉनची दोन सुवर्णपदकं घेऊन परतलेला थॉर्प त्याच वर्षी पुन्हा आपल्या शाळेच्या फुटबॉल टीममधून खेळला. त्या सीझनची गोष्ट पूर्ण सांगितली, तर स्लाइड दाखवणाऱ्याचीच पंचाईत होईल.

आधी शाळा. पेनसिल्व्हेनियातली कार्लाइल इंडियन इंडस्ट्रियल स्कूल. रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने १८७९ साली लष्कराच्या जुन्या बराकींत सुरू केलेली. अमेरिकेतल्या मूळनिवासी जमातींची मुलं हजारो किलोमीटरवरून इथे आणायची, केस कापायचे, नाव बदलायचं, मातृभाषेत बोलू द्यायचं नाही. मुलातला 'इंडियन' मारला की माणूस वाचतो, हे प्रॅटचं तत्त्वज्ञान होतं आणि तो ते भाषणातून उघड सांगायचा. शाळेच्या आवारात मुलांचं कब्रस्तान आहे. ज्या शाळेला कब्रस्तान लागतं, तिच्याबद्दल आणखी काय सांगायचं?

या शाळेची टीम कॉलेजांशी खेळायची. (हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. अंडाकृती चेंडू हातात घेऊन धावायचा अमेरिकन प्रकार.) १९१२ साली त्या खेळाचे नियम नुकतेच बदलले होते, टचडाउनला पाचऐवजी सहा गुण झाले होते. कार्लाइलने त्या सीझनमध्ये १४ सामन्यांपैकी १२ जिंकले, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाशी ३४-२६ असा एक हरला आणि एक बरोबरीत सोडला. सिरॅक्यूज, पिट्सबर्ग, ब्राउन अशी नाव असलेली कॉलेजं त्यांनी झोपवली.

९ नोव्हेंबरला वेस्ट पॉइंटला सामना होता. समोर लष्करी अकादमीची टीम. वुंडेड नीचं हत्याकांड होऊन तेव्हा जेमतेम २२ वर्षं झाली होती. कोच 'पॉप' वॉर्नरने म्हणे पोरांना आठवण करून दिली की समोरच्यांचे बाप तुमच्या बापांशी लढले होते. कार्लाइल २७-६ ने जिंकली. थॉर्पला अडवताना जायबंदी झालेल्यांमध्ये ड्वाइट आयझेनहॉवर नावाचा कॅडेट होता, जो पुढे राष्ट्राध्यक्ष झाला. रीलसाठी याहून चांगलं काय हवं? त्या दिवशीच्या चार टचडाउनपैकी थॉर्पचा एकही नव्हता. तीन अ‍ॅलेक्स अर्कासाचे, एक जो बर्गीचा. पण रीलमध्ये एकच माणूस मावतो.

'बदला पूर्ण' असं लिहून ही गोष्ट फिरवणाऱ्यांना मला विचारायचंय, कुणाचा बदला पूर्ण झाला? संध्याकाळी ही पोरं गाडीत बसून त्याच बराकींत परतली. या टीमचे मोठे सामने बहुतेक परगावी व्हायचे, कारण तिकिटांचा गल्ला तिथे मोठा असायचा. तो पैसा शाळेच्या अ‍ॅथलेटिक फंडात जायचा. वॉर्नरला त्यातून पगार मिळायचा, आवारात राहायला घरही फंडाच्याच पैशातून बांधलेलं होतं. खेळणारा मात्र 'हौशी', म्हणजे पैशाला शिवायचंसुद्धा नाही.

जानेवारी १९१३ मध्ये वूस्टरच्या एका वर्तमानपत्राने छापलं की थॉर्प १९०९ आणि १९१० च्या उन्हाळ्यात नॉर्थ कॅरोलायनात किरकोळ पैशांसाठी बेसबॉल खेळला होता. कार्लाइलची आणखी दोन मुलं तेव्हा त्याच्याबरोबर गेली होती. तरी वॉर्नर म्हणाला, मला कल्पनाच नव्हती. थॉर्पच्या सहीने पत्र गेलं: मी साधा इंडियन शाळकरी मुलगा, मला या गोष्टी कळत नव्हत्या; इतर कॉलेजची पोरं हेच करतात, पण खोट्या नावाने खेळतात. जगातल्या सर्वोत्तम अ‍ॅथलीटला, पंचविशीतल्या माणसाला, स्वतःला अडाणी म्हणवून घ्यावं लागलं. तरीही पदकं गेली. हरकत घ्यायची मुदत ३० दिवसांची होती आणि ती कधीच उलटून गेली होती, याकडे कुणी पाहिलं नाही. पदकांवरचा हक्क १९८२ मध्ये अर्धामुर्धा परत मिळाला, एकमेव विजेता म्हणून नाव लागायला २०२२ उजाडलं. थॉर्प १९५३ मध्येच गेला होता.

पण मला सांगायचंय ते गस वेल्चबद्दल. १९१२ च्या टीमचा हा क्वार्टरबॅक, ओजिब्वे जमातीचा. शाळेच्या कारभाराची चौकशी व्हावी म्हणून विद्यार्थ्यांनी अर्ज केला, त्यामागे हा होता. दोनशेहून अधिक सह्या होत्या. १९१४ च्या सुरुवातीला अमेरिकन काँग्रेसची समिती कार्लाइलला आली. वेल्चने आपल्याच कोचविरुद्ध साक्ष दिली: कोच चांगला आहे, पण माणूस तत्त्वाचा नाही. शिव्यागाळ, फंडाचा कारभार, एका विद्यार्थिनीला झालेली मारहाण, सगळं नोंदवलं गेलं.

कुणी म्हणेल, पोरांना खेळ तर आवडत होता ना, फुटबॉलनेच त्यांना ओळख दिली ना? आवडत होताच. वेल्चलाही आवडत होता, पुढे तो स्वतः कोच झाला. खेळावर प्रेम असताना त्याचे हिशेब मागणं जास्त अवघड असतं. वेस्ट पॉइंटला समोर परके होते आणि बघायला पब्लिक होतं. समितीपुढे समोर आपलाच कोच, आणि टाळ्या वाजवायला कुणीही नाही. मला विचाराल तर त्या टीमचा सर्वांत धाडसी डाव तो.

सुपरिंटेंडेंट मोझेस फ्रीडमनची नोकरी गेली. वॉर्नर १९१५ मध्ये पिट्सबर्गला गेला आणि तिथेही जिंकत राहिला; आज अमेरिकेत लहान मुलांची फुटबॉल लीग त्याच्या नावाने चालते. शाळा १९१८ मध्ये बंद झाली. त्या कब्रस्तानातून काही मुलांचे अवशेष त्यांच्या जमातींकडे परत पाठवायला २०१७ मध्ये सुरुवात झाली.

टाउनहॉलमध्ये शेवटी विचारलं होतं, कुणाचे काही प्रश्न? मी माइक म्यूटच ठेवला. पुढची स्लाइड पुढच्या तिमाहीच्या टार्गेट्सची होती.