घराची तटबंदी कीं गल्लीची?

जळकोटहून एका गृहस्थांचें पत्र आम्हांस आलें आहे. पत्र लांब आहे, परंतु लिहिणारा मनुष्य भित्रा नसून हिशेबी आहे हें त्यांतील आंकड्यांवरूनच दिसतें. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, जगाचा व्यवहार केव्हां कोसळेल याचा आतां नेम राहिलेला नाहीं. उद्यां पैसा कवडीमोल झाला, बाजार बंद पडला आणि त्यापाठोपाठ दंगेधोपे सुरू झाले, तर प्रपंची माणसानें आपलें घर कसें सांभाळावें? स्वतः त्यांनीं काय काय केलें आहे तेंहि लिहिलें आहे. थोडें सोनें घेतलें आहे, सहा महिन्यांचें पीठ भरून ठेविलें आहे, कुंपणाची भिंत वाढविली आहे, पुढच्या दारास लोखंडी फाटक बसविलें आहे. शिवाय त्यांची भावकी मोठी आहे. आणखी काय करावें, असा त्यांचा प्रश्न आहे.

हा प्रश्न इतर कोठून आला असता तर आम्हीं श्रीलंकेकडे बोट दाखविलें असतें. २०२२ सालीं त्या देशानें परदेशी कर्जाची फेड थांबविली, इंधनासाठीं रांगा लागल्या, आणि जुलै महिन्यांत लोक राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यांत शिरले. परंतु जळकोटच्या माणसास समुद्रापलीकडचा दाखला कशाला हवा? सोलापूर-हैदराबाद हा जो रस्ता त्यांच्या गांवावरून जातो, त्याच रस्त्यानें १३ सप्टेंबर १९४८ रोजीं हिंदी फौज निजामी मुलुखांत शिरली. नळदुर्गाजवळचा बोरी नदीवरील पूल उडवून देण्याचा निजामी पक्षाचा बेत होता. फौजेनें तो शाबूत हातीं घेतला, आणि सकाळीं ९ वाजण्याच्या सुमारास चिलखती गाड्या पुढें ८ किलोमीटरवर जळकोटांत येऊन ठेपल्या. दुपारीं त्या उमरग्यास पोंचल्या. पांच दिवसांत सव्वादोनशें वर्षांचें राज्य आटोपलें. हा इतिहास शाळेंतलीं मुलेंहि सांगतात. परंतु त्या सकाळच्या आधींचें वर्ष आणि तिच्या नंतरचे आठवडे घराघरांनीं कसे काढले, हा प्रापंचिक इतिहास कोणी शिकवीत नाहीं. आणि पत्रलेखकांस हवें असलेलें उत्तर आमच्या मतें तेथेंच आहे.

प्रथम पैशाची गोष्ट घेऊं. संस्थानांत निजामाचा हाली सिक्का चाले, सरहद्दीपलीकडे सोलापुरांत कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा भाव होता. माल सोलापुरास न्यावयाचा आणि सारा निजामास भरावयाचा, तेव्हां सरहद्दीजवळच्या माणसास दोन्ही नाणीं लागत. २९ नोव्हेंबर १९४७ रोजीं हिंदुस्थान सरकार व निजाम यांच्यांत 'जैसे थे' करार झाला, आणि त्याची शाई वाळते न वाळते तोंच संस्थानानें दोन वटहुकूम काढले. एकानें सोन्याचांदीस हिंदुस्थानांत जाण्याची बंदी झाली. दुसऱ्यानें हिंदी चलन संस्थानांत कायदेशीर नाणें राहिलें नाहीं. ज्यानें कलदार सांठविले होते तो एका कागदानें अडकला, ज्यानें सोनें सांठविलें होतें तो दुसऱ्या कागदानें. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्रीं ५०० व १००० रुपयांच्या नोटांचें काय झालें, हें तर आमच्या बहुतेक वाचकांनीं रांगेंत उभें राहून पाहिलें आहे.

म्हणून पैसा एका ठिकाणीं व एका रूपांत ठेवूं नये, एवढें सांगून आम्ही पुढें जातों. बँकेंतील ठेवीस २०२० सालापासून दर बँकेंत दर ठेवीदारामागें ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचें संरक्षण आहे. गांवोगांवच्या पतसंस्थांस तें नाहीं, ही गोष्ट मात्र जादा व्याजाच्या मोहांत पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. सोनें असूं द्यावें. परंतु ज्या दिवशीं गांवांतलीं सगळींच घरें डाग मोडावयास काढतात, त्या दिवशीं सोन्याचा भाव सराफ ठरवीत नाहीं, ज्याच्या घरीं ज्वारी आहे तो ठरवितो. १९७२ चा दुष्काळ ज्यांनीं काढला त्यांस विचारावें.

आतां धान्य. आमच्या मुलुखानें यासाठीं पूर्वींच पेव केलें, बळद केलें, कणगी केली. पेवाची रीत आजच्या तरुणांपैकीं फार थोड्यांनीं पाहिली असेल, म्हणून ती सांगतों. पाणी न मुरणारी उंचवट्याची जागा पाहून, तोंडाला अरुंद व पोटांत रुंद असा खड्डा जमिनींत खणावयाचा; तळाला व कडांना कडबा-भुसा लावावयाचा; चांगली वाळलेली ज्वारी भरून तोंड दगडामातीनें बंद करावयाचें. आंतली हवा कोंडून वाईट होते म्हणून किडा जगत नाहीं, आणि त्याच कारणानें माणूसहि जगत नाहीं. पेव उघडल्याबरोबर आंत उतरणारा गुदमरून मरतो, हें जुन्या लोकांस पक्कें ठाऊक होतें. तोंड काढून तें वारा खाऊं देत, मग दिवा खालीं सोडीत. दिवा विझला तर कोणी उतरत नसे. उतरणारा एक, आणि वर दोर धरून उभे दुसरे. शिवाय एकदां पेव उघडलें कीं तें धान्य फार दिवस तसेंच ठेवतां येत नसे. बाहेर काढून कांहीं विकावें, कांहीं उसनें द्यावें, कांहीं वांटावें लागे. एकट्यानें लपवून खाण्यासाठीं ही वस्तु केलेलीच नव्हती. आमच्या पत्रलेखकांनीं पिठाचे डबे मोजून लिहिले आहेत, पण दोर कोणाच्या हातीं राहील तें लिहिलेलें नाहीं.

हिशेबच करावयाचा तर तो अवघड नाहीं. माणशीं दिवसास सुमारें अर्धा किलो धान्य धरलें तर पांच माणसांच्या घरास महिन्यास पाऊण क्विंटल, आणि तीन महिन्यांस सव्वादोन क्विंटल लागतें. त्यास तूर, गूळ, तेल आणि मीठ यांची जोड द्यावी. मीठ विसरूं नये. १९४८ सालीं संस्थानाच्या सीमेवर मालाची रहदारी आंखडली, तेव्हां समुद्र नसलेल्या त्या मुलुखास मिठासारख्या क्षुल्लक जिनसाची किंमत कळली. पाण्याविषयीं तर बोलावयासच नको. लातुरास मार्च २०१६ मध्यें, पाणी भरण्याच्या जागीं पांचाहून अधिक माणसांनीं जमूं नये म्हणून जिल्हाधिकाऱ्यांस तत्कालीन फौजदारी संहितेचें कलम १४४ लावावें लागलें, आणि पुढच्याच महिन्यांत मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. त्या वेळीं नाणें शाबूत होतें, सरकार शाबूत होतें, कोठें बंड नव्हतें. फक्त आड आटले होते. दंग्याची सुरुवात तोफेनें होते अशी जी समजूत आहे ती सोडावी. ती घागरीनेंहि होते.

आतां लोखंडी फाटकाविषयीं. पुणें जिल्ह्यांत सुपें येथें मे १८७५ मध्यें शेतकरी उठले, तेव्हां ते वाटेल त्या घरावर गेले नाहींत. ज्या सावकारांकडे त्यांचीं खतें होतीं त्यांच्याच दारीं गेले, आणि खतें बाहेर काढून जाळलीं. भिंत किती उंच आहे हें त्यांनीं पाहिलें नाहीं. आंत काय आहे तें सबंध गांवास ठाऊक होतें. गांवांत लपवाछपवी चालत नाहीं. कोणाच्या घरीं किती पोतीं उतरलीं हें हमालास ठाऊक असतें, हमालाच्या बायकोस ठाऊक असतें, आणि तिसऱ्या दिवशीं पाणवठ्यावर सर्वांस ठाऊक असतें. सर्व गल्ली उपाशी असतां ज्याच्या एकट्याच्या चुलीचा धूर निघतो, त्याच्या फाटकाकडे लोक कोणत्या नजरेनें पाहतील याचा पत्रलेखकांनींच विचार करावा.

येथें आम्हांस एक कडू गोष्ट लिहिणें भाग आहे. १९४८ च्या सप्टेंबरापूर्वीं रझाकारांच्या भयानें हिंदु कुटुंबांनीं घरदार सोडून सोलापूर-बार्शीकडे धाव घेतली, हें आम्ही दरवर्षीं १७ सप्टेंबरास अभिमानानें व दुःखानें सांगतों. (रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी हा लातूरचा वकील होता. कायदा शिकलेला मनुष्य कायद्याच्या राज्याचा आधार होतोच असें नाहीं, ही कबुली आमच्या धंद्यांतील माणसानेंच द्यावयास हवी.) परंतु फौज आल्यानंतर भयानें दारें बदललीं, आणि तें आम्ही सांगत नाहीं. भारत सरकारच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार प्रभृति मंडळी १९४८ अखेर संस्थानांत हिंडली. त्यांच्या अहवालांत उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, गुलबर्गा, बीदर व नांदेड हे चार जिल्हे सर्वांत अधिक पोळलेले म्हणून नोंदले आहेत, आणि या चार जिल्ह्यांत कारवाईच्या वेळीं व तिच्यानंतर मारल्या गेलेल्यांची संख्या १८,००० हून कमी नसावी असा अंदाज दिला आहे. ते बहुतेक मुसलमान होते. त्यांत रझाकार किती आणि ज्यांचा कशाशींहि संबंध नव्हता असे पिंजारी, तेली, शिंपी व शेतमजूर किती, हें मारणाऱ्यांनीं विचारलें नाहीं. तो अहवाल कित्येक दशकें दडपून राहिला. राष्ट्राभिमानी म्हणविणाऱ्या आमच्यासारख्यांनीं तो डोळे उघडे ठेवून वाचावा. त्यानें मुक्तिसंग्रामाचें तेज कमी होत नाहीं, पण त्याच्या नांवावर कोणीं काय केलें तें कळतें.

त्याच अहवालांत एक नोंद आहे, आणि आमचा सर्व लेख त्या नोंदीसाठीं आहे असें म्हटलें तरी चालेल. हिंदु शेजाऱ्यांनीं मुसलमान शेजाऱ्यांस आपला जीव धोक्यांत घालून वांचविल्याचीं अनेक उदाहरणें त्या मंडळीस आढळलीं, आणि हा ओलावा एकाच धंद्यांतील लोकांत विशेष दिसला. कांहीं ठिकाणीं हिंदु विणकरांनीं मुसलमान विणकरांचें रक्षण केलें, तेंहि हिंदु जमावापासून, आणि त्यांतील कांहीं त्यापायीं मेले. त्या मुसलमान विणकरांचीं दारें कांहीं लोखंडाचीं नव्हतीं. त्यांच्याजवळ होता तो वर्षानुवर्षें एकाच बाजारांत सूत घेण्याचा, एकमेकांच्या मागावर हात लावण्याचा, अडीनडीला ताणा उसना देण्याचा संबंध. असा संबंध दंग्याच्या दिवशीं जोडतां येत नाहीं.

पत्रलेखकांस आपल्या भावकीचा भरंवसा वाटतो. वाटूं द्यावा. आम्ही मात्र वकिलींत जेवढे बांधाचे व वांटणीचे दावे पाहिले, त्यांतले बहुतेक भावकीचेच होते. संकटाच्या रात्रीं हांक ऐकूं जाते ती पाठीला पाठ लागून असलेल्या घरास, मग तें कोणत्या जातीचें व कोणत्या धर्माचें असो. ज्याच्या हातचें पाणी आपण आजवर घेतलें नाहीं, ज्याच्या घरचें लग्न आपण आजवर उंबऱ्याबाहेरून पाहिलें, तो त्या रात्रीं आपल्यासाठीं दार कां उघडील, असा प्रश्न प्रत्येकानें आजच, उजेडीं, स्वतःस विचारावा.

कायद्याच्या दोन गोष्टी सांगून हा लेख पुरा करतों. शस्त्राविषयीं पत्रांत आडून विचारलें आहे. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेनें दिलेला आहे, परंतु तो गरजेपुरता आहे. पोलिसांची मदत घेण्यास अवसर असेल तेथें तो चालत नाहीं, आणि पळत सुटलेल्या लुटारूच्या पाठीवर तर मुळींच चालत नाहीं. दुसरी गोष्ट कागदांची. सात-बारा, खरेदीखत, निजामी काळचे उर्दू कागद असल्यास तेहि, यांच्या नकला घराबाहेर दुसऱ्या गांवीं ठेवाव्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपांत लोहारा-उमरग्याकडे घरें पडलीं, तेव्हां पेट्याहि मातीखालीं गेल्या. आणि ते कागद कोठें आहेत, कोणाचें देणें-घेणें किती, बँकेचें पुस्तक कसें वाचावें, हें घरांतल्या बायकांस ठाऊक असावें. १९४८ सालीं कर्ते पुरुष तुरुंगांत किंवा सरहद्दीवरच्या शिबिरांत गेले, तेव्हां घरें चालविलीं तीं त्यांनींच. आणि त्यांतल्या कितीजणींचें नांव कोणत्याहि कागदावर होतें? पत्रलेखकांनीं आपल्या तयारीची चाळीस कलमें लिहिलीं आहेत. त्यांत पत्नीचा उल्लेख 'स्वयंपाक' या सदराखालीं एकदां आला आहे. तिचें नांव सात-बारावर आहे कीं नाहीं, तें कळवावें.

त्याबरोबर मागच्या, पुढच्या आणि दोन्ही बाजूंच्या घरांतील माणसांचीं नांवें, त्यांच्यांत म्हातारें-आजारी कोण, कोणाच्या आडास उन्हाळ्यांत पाणी राहतें, एवढेंहि लिहून पाठवावें. आणि पीठ सहा महिने टिकत नाहीं, कडू होतें. तें आतांच खाऊन अथवा वांटून संपवावें, त्याजागीं ज्वारी भरावी, आणि माळ्यावर जातें पडलेलें असेल तर खालीं काढून टांकी लावून घ्यावी.