कंत्राटदाराचे पाकीट नको, शाळेतले सत्व द्या!

जानेवारी 2025 मध्ये महाराष्ट्र शासनाने शालेय पोषण आहाराबाबत एक निर्णय काढला. अंडा पुलाव, खीर, नाचणीसत्व हे पदार्थ ऐच्छिक ठरवले. अंडी आणि साखरेसाठी वेगळा पैसा मिळणार नाही, हवे असेल तर लोकसहभागातून सोय करा, असे शाळा व्यवस्थापन समित्यांना सांगून सरकार मोकळे झाले. लोकसहभाग! बागायतदारांच्या गावात देणगीदार मिळेलही. पण जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावर, जिथले आईबाप वीटभट्टीवर गेलेले असतात, तिथे वर्गणी कोण काढणार? आणि देणगीदार मिळाला तरी ताटात अंडे पडायचे की नाही, हे त्याचे सोवळे ठरवणार!

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील शंभरातली 35 बालके वयाच्या मानाने खुजी आणि 36 कमी वजनाची आहेत. राज्यघटनेचे कलम 47 जनतेचे पोषणमान उंचावणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानते. आमच्या राज्यकर्त्यांना या कलमातली फक्त दारूबंदी आठवते, तीही सोयीने.

पैसा नाही, हे खरे नाही. पैसा पाकिटात जातो. अंगणवाडीच्या आहारात कंत्राटदार नकोत, हे काम गावच्या महिला मंडळांना, बचत गटांना द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2004 मध्येच बजावले होते. तरीही महाराष्ट्राने 2016 मध्ये अशा अटींची निविदा काढली की गावातला बचत गट दारातही उभा राहू नये. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयालाच ती रद्द करावी लागली.

आणि जे करायचे आहे, ते आमच्या आयाबहिणींना येतेच. नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, खडखडीत वाळवायची, मंद आचेवर भाजून दळायची. मोड आल्यावर धान्यात तयार होणारे विकर स्टार्च तोडते, त्यामुळे लापशी चिकट, घट्ट होत नाही. म्हणजे लहानग्याच्या इवल्याशा पोटात त्याच वाटीतून जास्त पीठ जाते. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे 340 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तांदूळ तिच्या आसपासही नाही. मात्र नुसती नाचणी पुरत नाही, सोबत भाजलेली हरभरा डाळ आणि शेंगदाणे हवेत. शेंगदाण्याला बुरशी लागली तर औषधाचे विष होते, म्हणून कोरडी जागा आणि झाकणाचे डबे हवेत. आणि सत्व दिले म्हणून अंडे काढून घेण्याची पळवाट तर मुळीच नको.

हे सत्व शाळेच्या स्वयंपाकघरात तयार व्हावे. एक छोटी गिरणी, दोन-चार बायकांना धड पगार (आज त्यांना मिळते ते मानधन तुटपुंजे आहे), एवढाच खर्च. मुलांनी मोड कसे येतात ते पाहावे, वजन-उंचीची नोंद ठेवायला शिकावे; त्यांना दळणाला जुंपू नये. आणखी एक. मूल सहाव्या वर्षी शाळेत येते, पण कुपोषण त्याला पहिल्या दोन वर्षांतच गाठते. म्हणून शाळेत तयार झालेले सत्व आधी शेजारच्या अंगणवाडीत, तान्ह्यांच्या आयांकडे गेले पाहिजे.

आता खरा प्रश्न : दळणार कोण? साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांना शिपायाने वरून ओतल्याशिवाय पाणी मिळत नव्हते. डिसेंबर 2021 मध्ये उत्तराखंडच्या सुखीढांगमध्ये दलित भोजनमातेच्या हातचे जेवण सवर्ण मुलांनी नाकारले आणि प्रशासनाने त्या बाईलाच घरी बसवले. बोंबाबोंब झाल्यावर परत घेतले. स्वयंपाकी नेमताना दलित-आदिवासींना प्राधान्य द्या, हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश एप्रिल 2004 चा आहे. घरी नेलेल्या पाकिटाची जात दिसत नाही, म्हणूनही अनेकांना ते सोयीचे वाटते. हातचे सत्व मात्र कोणाच्या हातचे, ते गावाला कळते. कळू द्या.

बांधवांनो, येत्या ग्रामसभेत दोन प्रश्न विचारा. आपल्या अंगणवाडीच्या पाकिटावर कोणत्या गावचा पत्ता छापला आहे? आणि शाळेच्या चुलीजवळ आपल्या वस्तीतली बाई आहे का? उत्तर लेखी मागा.